तळं खुलं आहे म्हणे!

खुलं आहे म्हणतात. या आणि प्या.

दोस्तांनो, हे आपण आधी ऐकलंय. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळंही खुलं केलं. कागदावर! त्या कागदानं तीन वर्षं एकाचाही घसा ओला झाला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली. त्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली, तळ्याच्या शुद्धीचं सोंग झालं, आणि खटला १९३७ पर्यंत चालला.

आता नवं तळं आलंय. मोबाईलमधलं. २०१७ साली दिल्लीनं 'स्वयम्' काढलं, 'दीक्षा' काढलं. मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट. मग कुलूप कुठंय? ऐका. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत. ऐकणं फुकट, पण प्रमाणपत्र पाहिजे तर परीक्षेची फी भरा. आणि नोकरी देणारा ज्ञान विचारत नाही, कागद विचारतो.

२०२० साली शाळांना टाळं लागलं. सरकार म्हणालं, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. कुठे आहे? दोंडाईचाच्या ज्या घरात माय मिरचीचे देठ खुडते, तिथं फोन एक. तो बापाच्या खिशात. बाप कामावर. अन् पोरं तीन. शिक्षण होतं, पण ते ज्यांच्या घरी आधीपासून होतं त्यांच्याकडेच राहिलं.

नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. त्याचं देणं नाकारणार नाही. बारावीची पायरी न चढलेल्यालाही तिथं पूर्वतयारीच्या दारानं पदवीकडे जाता आलं. ब्रीद मात्र 'ज्ञानगंगा घरोघरी'. गंगेचं पाणी कुणाच्या घराशी वळतं अन् कुणाच्या वस्तीला वळसा घालतं, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

आता बाबासाहेबांचंच बघा. त्यांचे खंड सरकारनं १९७९ पासून छापले. आज ते नेटवर फुकट आहेत, पण बहुतेक इंग्रजीत. ज्यांच्यासाठी तो माणूस रात्र-रात्र जागला, त्यांनाच ते वाचता येत नाहीत! छापील प्रतीची तऱ्हा वेगळी. ९ लाख प्रती छापायच्या ठरल्या, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, अन् ४ वर्षांत छापल्या ३३ हजार. २०२१ साली वर्तमानपत्रानं हे उघड केलं, तेव्हा हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. १९३६ साली लाहोरवाल्यांनी भाषण रद्द केलं, तर बाबासाहेबांनी ते स्वतःच्या पैशानं छापून आठ आण्याला विकलं होतं. एका माणसाला जमलं ते सरकारला जमत नाही?

पांढरपेशे म्हणतात, या पोरांना वाचायचंच नाही, रिळं बघत बसतात. बारा तास साच्यावर उभं राहून या, मग सांगा. फुल्यांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांना कळत होतं, म्हणून १९४६ च्या सिद्धार्थ कॉलेजात नोकरदार पोरांसाठी सकाळचे वर्ग होते. त्यांनी शाळेची वेळ आपल्या पाळीला जुळवली. आताचे म्हणतात, लिंक पाठवली, आमचं काम संपलं.

आम्हाला भीक नको. सगळे खंड मराठीत पाहिजेत. स्वस्त छापील पाहिजेत, अन् फोनवर अक्षर मोठं करता येईल, शब्द शोधता येईल असे पाहिजेत. परीक्षेची फी माफ पाहिजे. वस्तीच्या विहारात फुकट नेटची अभ्यासिका पाहिजे, पाळी सुटल्यावर उघडी असणारी. अन् तिथं अहिराणीत समजावून सांगणारा, पगारी माणूस पाहिजे.

देत नसतील तर थांबू नका. आज रात्री विहारात चार जण जमा. ज्याला इंग्रजी येतं त्यानं एक पान वाचावं, बाकीच्यांना आपल्या बोलीत सांगावं, दुसऱ्यानं ते वहीत उतरवावं. उद्या दुसरं पान. ठरावाच्या भरवशावर तहान भागत नसते.