रोवणीच्या दिवसांत शाळेची घंटा



पहिल्या सरी आल्या की भंडारा जिल्ह्यातील घरांचे सारे लक्ष धानाच्या बांध्यांकडे वळते. पऱ्हे टाकायचे, चिखलणी करायची, मग रोवणी. नेमक्या याच दिवसांत शाळाही उघडतात. आई-वडील सकाळीच शेतावर गेलेले असतात. म्हणून नातवंडांना उठवून, आंघोळ-न्याहारी उरकून शाळेत धाडण्याचे काम अनेक घरांत आजी-आजोबांकडे येते. हे काम सुखाचे व्हावे, यासाठी तयारी आधीपासूनच सुरू करावी.

विदर्भातील उन्हामुळे आपल्याला त्यासाठी थोडा अधिक अवधी मिळतो. २०२५ मध्ये उर्वरित राज्यातील शाळा १६ जूनला उघडल्या, तर विदर्भातील २३ जूनला. हा आठवडा वह्या-पुस्तकांपेक्षा झोपेसाठी वापरावा.

उन्हाळ्यात मुले रात्री उशिरापर्यंत अंगणात रेंगाळतात आणि दुपारी दोन-दोन तास झोपतात. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री ‘आज लवकर झोप’ म्हटल्याने ही सवय मोडत नाही. रोज पंधरा मिनिटे लवकर उठवावे आणि रात्रीही तितकेच लवकर निजवावे. आठ दिवसांत दोन तासांचा फरक भरून निघतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शासनाने २०२४ मध्ये सांगितले, तेही मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. दुपारची झोप कमी करावी, आणि निजण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवावा.

पहिलीत जाणारे नातवंड

त्याला अक्षरे किती येतात, याची चिंता नको. शौचास जाऊन स्वतः हात धुणे, डबा उघडणे, चड्डीचे बटण लावणे, ‘मला पाणी हवे’ असे न लाजता सांगणे, एवढे जमले की त्याचा निम्मा धाक जातो. शक्य असल्यास एकदा शाळेत नेऊन वर्ग, पाण्याचा नळ आणि शौचालय दाखवावे. ‘थांब, गुरुजींना सांगतो’ अशी भीती मात्र घालू नये. ज्यांच्या आधाराने मुलाला दिवस काढायचा आहे, त्यांचाच त्याला धाक बसतो. पाच ते सहा वर्षांच्या वयातील लसीची मात्रा राहिली असेल, तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

पोटदुखीला बहाणा म्हणण्यापूर्वी

शाळेची वेळ झाली की काही मुलांचे पोट दुखू लागते. पुष्कळदा ती भीतीच असते आणि चार दिवसांत ओसरते. आपल्या भागात मात्र आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात हातपाय, पाठ किंवा पोट यांत तीव्र वेदना उठतात. शरीरातील पाणी कमी होणे, पावसात भिजून गारठणे, ताप येणे किंवा अतिश्रम होणे ही त्यांची नेहमीची कारणे. जून-जुलैत ही सारी एकत्र येऊ शकतात. ज्या मुलाला वारंवार अशा वेदना होतात, जे फिकट दिसते किंवा ज्याचे डोळे पिवळसर वाटतात, त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

तपासणीत ‘एएस’ निघाल्यास मूल केवळ वाहक असते. त्याला सहसा औषध लागत नाही. ‘एसएस’ असल्यास डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज न चुकता द्यावी, पाण्याची बाटली व रेनकोट दप्तरासोबत असावा, आणि पहिल्याच दिवशी शिक्षकांना भेटून तीन गोष्टी सांगाव्यात: याला हवे तेव्हा पाणी पिऊ द्या, लघवीला जाऊ द्या, दमेपर्यंत धावायला लावू नका. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा न थांबणाऱ्या वेदना दिसल्यास शेतावरून कोणी परत येईपर्यंत वाट पाहू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते.

आणि आपण स्वतः

नातवंडांच्या घाईत आपली न्याहारी मागे पडते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, काही न खाता शाळेपर्यंत चालत गेल्यास वाटेतच साखर उतरून घाम, थरथर व भोवळ येऊ शकते. म्हणून आधी आपण खावे, मग मुलाला घेऊन निघावे. खिशात थोडी साखर किंवा गूळ ठेवावा. चिखलात घसरणार नाही अशी पादत्राणे घालावीत आणि हाती काठी घेण्यात संकोच मानू नये. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा अधिक नसावे. वीस किलोच्या मुलाला दोन किलो पुरे. जड दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेण्याऐवजी नको असलेली पुस्तके घरी ठेवावीत.

गुडघे किंवा दृष्टी साथ देत नसेल, तर तसे मुलाला-सुनेला शाळा उघडण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. शेजारची मोठी मुले, आळीतील दुसरे आजोबा यांच्याशी पाळी ठरवता येते. रोवणी आटोपेपर्यंतचा हा महिना-सव्वा महिना सर्वांनी वाटून घेतला, तर एकावरच भार पडत नाही आणि मुलाचीही शाळा बुडत नाही.