अपुरा खेळ आणि पुरे तिकीट

काम पुरे झाल्याखेरीज ते लोकांसमोर मांडू नये, असा आपल्याकडे एक रूढ संकेत आहे. सुतार तीन पायांची खुर्ची विकावयास ठेवीत नाही आणि शिंपी एका बाहीचा सदरा गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. अमेरिकेत मात्र दरसाल जूनच्या अखेरीस हा संकेत उघडपणे मोडला जातो. तेथील ‘ड्रम कोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणांच्या वादकपथकांपैकी काही पथके हंगामाच्या आरंभी आपला कार्यक्रम पुरता न बसविताच मैदानात उतरतात. कोणी शेवटचा भाग गाळतो, कोणाचे संगीत तयार असते पण त्यावरची कवायत बसलेली नसते, तर कोणाचे गणवेशच आलेले नसतात. प्रेक्षक मात्र तिकीट काढून आलेला असतो. हे योग्य की अयोग्य, असा वाद तेथील रसिकांत होत असतो.

वरवर पाहता हा हौशी मंडळींचा घरगुती वाद वाटेल. वस्तुतः त्यात ग्राहकाचा हक्क, शिकणाऱ्याचे हित आणि संस्थेचा खर्च असे तीन प्रश्न गुंतलेले आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यांची दखल घ्यावी, इतके ते महत्त्वाचे आहेत.

आपल्याकडील ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणल्यास ड्रम कोअरची थोडीफार कल्पना येईल; परंतु साम्य लवकरच संपते. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने ही पथके वाढली. पुढे पथकांनी स्वतःच ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था उभारली व १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. मोठ्या पथकात दीडशेच्या आसपास मुलेमुली असतात. काही जण पितळी वाद्ये फुंकतात, काही ड्रम व इतर तालवाद्ये वाजवितात, तर काही निशाणे व लाकडी बंदुका फिरवितात. फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम होतो आणि वाजविणारे वाजवीत असतानाच पावलापावलाला नवी आकृती रचतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ही पथके गावोगाव फिरतात. रात्री बसने प्रवास आणि मिळेल त्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप, असा त्यांचा क्रम असतो. अंतिम स्पर्धा २००९ सालापासून इंडियानापोलिस येथे भरत आली आहे. एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या मुलामुलींना मानधन मिळत नाही. उलट तीच पथकाला काही हजार डॉलर शुल्क देतात.

विलंबाचे मूळ

कार्यक्रम अपुरा का राहतो, याचे उत्तर आळस असे देणे अन्यायाचे होईल. सभासद बहुतांशी विद्यार्थी आहेत. महाविद्यालयांची सत्रे संपल्यावर, म्हणजे मे महिन्यात, ती शिबिरात एकत्र येतात आणि काही आठवड्यांतच दौरा सुरू होतो. तेवढ्यात दीडशे जणांना प्रत्येक सुरावर आपण मैदानाच्या कोणत्या बिंदूवर असावे, हे शिकवावयाचे असते. शिबिराच्या प्रत्येक दिवसाला भोजन, निवास आणि शिक्षक यांचा खर्च आहे. उत्पन्न मात्र नाही.

‘पुरे झाल्याशिवाय मैदानात येऊ नका’ असा नियम उद्या केला, तर काय होईल? शिबिर लांबेल व शुल्क वाढेल; अथवा शिबिर तेवढेच राहून उन्हातान्हातील सरावाचे तास वाढतील. पहिल्या पर्यायात गरीब घरचा विद्यार्थी बाहेर फेकला जाईल आणि दुसऱ्यात सर्वांच्याच प्रकृतीवर ताण पडेल. पूर्णतेचा आग्रह धरणाऱ्या प्रेक्षकाने ही किंमत कोण मोजणार आहे, याचा विचार करावयास हवा.

शिवाय, लोकांपुढे सादर करणे हा शिक्षणाचाच भाग आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली दाखवून दिले की, उत्पादन करता करताच उत्पादकाचे कौशल्य वाढते. कलेच्या क्षेत्राला हे तत्त्व अधिकच लागू पडते. सरावाच्या मैदानावर जे जमते ते रात्रीच्या दिव्यांत, हजारो डोळ्यांपुढे जमेलच असे नाही. परीक्षकांनी ध्वनिमुद्रित करून दिलेले अभिप्राय ऐकून शिक्षक कार्यक्रमात फेरफार करतात. मराठीत नाटकाच्या प्रत्येक खेळाला ‘प्रयोग’ म्हणतात, हा शब्द या दृष्टीने मोठा सूचक आहे.

प्रेक्षकाची बाजू

तथापि, एवढ्यावरून प्रेक्षकाची तक्रार फेटाळून लावता येणार नाही. लहान गावी पथकांचा मुक्काम वर्षातून एकदाच पडतो. ज्या गावाच्या वाट्याला जूनची तारीख आली, तेथील प्रेक्षकाला त्या वर्षी पुरा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहावयास मिळेलच, याची शाश्वती नाही. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला जाणे ज्याला परवडते, त्यालाच पूर्णत्वाचे दर्शन घडते. अपुरेपणाचा भार अशा रीतीने दूरच्या व कमी ऐपतीच्या प्रेक्षकावर पडतो.

यात माहितीचाही प्रश्न आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले की, मालातील उणीव विक्रेत्याला ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा ग्राहकाचा विश्वास ढळतो व अखेर चांगला विक्रेताही नुकसानीत येतो. जूनमधील एका फसगतीनंतर जो प्रेक्षक पुढल्या वर्षी फिरकत नाही, तो तयारीनिशी आलेल्या पथकालाही अंतरतो.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीचा अनुभव येथे उद्बोधक ठरेल. तेथे नवे नाटक आधी बाहेरगावी करून पाहण्याची जुनी परंपरा आहे. ‘ओक्लाहोमा!’ हे विख्यात संगीत नाटक १९४३ साली न्यू हेवन येथे वेगळ्याच नावाने रंगमंचावर आले. फेरफार होत होत ते न्यूयॉर्कला पोहोचले. अपुरे काम लोकांपुढे आणल्याचा लाभच झाला. याउलट, ‘स्पायडर-मॅन’ या पात्रावरील अतिखर्चिक संगीत नाटकाचे पूर्वप्रयोग नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाले आणि औपचारिक उद्घाटन जून २०११ मध्ये झाले. मधल्या काळात पूर्वप्रयोगांची संख्या १८२ वर गेली आणि तिकिटाला दाम मात्र पुरा घेतला गेला. उद्घाटनापूर्वी परीक्षण लिहू नये हा संकेत समीक्षकांनी अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये मोडला. पुरे पैसे घेणाऱ्याने अपुरेपणाची सवलत मागू नये, असाच त्याचा अर्थ होता.

गुणांचा हव्यास

ड्रम कोअरच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. हे आरंभीचे कार्यक्रमही स्पर्धेचेच असतात. एकंदर परिणामाला ४०, दृश्य बाजूला ३० आणि संगीताला ३० अशी शंभर गुणांची वाटणी असते. ही मोजणी किती सूक्ष्म असते, याची कल्पना २००८ च्या अंतिम स्पर्धेवरून येईल. त्या वर्षी फँटम रेजिमेंट या पथकाने ब्लू डेव्हिल्सवर अवघ्या ०.०२५ गुणाने मात केली. दोन पूर्ण कार्यक्रमांची तुलना अशा काट्याने करणे एक वेळ समजू शकते. परंतु ज्याचा शेवटच नाही, अशा कार्यक्रमाला त्याच काट्यावर चढविण्यात काय अर्थ? अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण खालच्या क्रमांकावर आहो असे जाहीररीत्या सांगितले जाते, आणि त्याचे कारण पुष्कळदा त्याची चूक नसून रचनाकारांचा विलंब हे असते.

गुण नसतील तर प्रेक्षक येणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. कोविडमुळे २०२० चा हंगाम रद्द झाला आणि २०२१ साली पथके स्पर्धेविना मैदानात आली. इंडियानापोलिसचा समारोपही त्या वर्षी गुणांशिवाय झाला. तो काळ असाधारण होता हे मान्य. परंतु गुणांवाचून कार्यक्रम होऊच शकत नाही, हा समज त्याने निश्चित खोटा ठरविला.

तेव्हा बंदी नको आणि मोकळीकही नको. प्रस्तुत लेखकाच्या मते चार गोष्टी पुरेशा ठराव्यात. पहिली, कार्यक्रम अपुरा असल्यास ते तिकीटविक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगावे. दुसरी, त्या दिवसांचा दर कमी असावा. तिसरी, आरंभीच्या दहा-बारा दिवसांत परीक्षकांनी अभिप्राय द्यावेत, गुण देऊ नयेत. चौथी, जेवढे सादर करावयाचे तेवढ्याला तरी आदि-अंत असावा आणि पूर्णत्वाची तारीख आधीच ठरलेली असावी. मुदतच नसली की अपुरेपणा ही सोय बनते, हे कोणत्याही कचेरीतील वा शाळेतील अनुभवी माणसास सांगावयास नको.

दर कमी केल्याने पथकांचे उत्पन्न थोडे घटेल, हे खरे. पण जो प्रेक्षक कमी दामात सराव समजून पाहावयास येतो, तो चुकीलाही टाळी देतो; जो पूर्ण दाम मोजून येतो, तो हिशेब मागतो. आपल्याकडेही रंगीत तालीम पाहावयास लोकांना बोलावतात, आणि एखादा पडदा अडकला म्हणून कोणी रागावत नाही, कारण ती तालीम आहे हे सर्वांना ठाऊक असते. ज्या मुलाचे वयोमर्यादेमुळे हे शेवटचे वर्ष आहे, त्याला जूनमधली ती संध्याकाळ पुन्हा मिळणार नाही. अपुरा का होईना, त्याला लोकांपुढे वाजवू द्यावे. त्याच्या अपुरेपणाची किंमत मात्र पुरी लावू नये.