कोलवाळचे बंदी आणि पेडणे-डिचोलीची मजुरी

आग्वादचा जुना तुरुंग २०१५ साली बंद झाला आणि मध्यवर्ती कारागृह कोलवाळला आले. तेथून महामार्गावरचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. तुये आणि डिचोली येथील औद्योगिक वसाहतीही फार दूर नाहीत. शिक्षेच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्या, वर्तणूक चांगली असलेल्या बंद्यांना दिवसा तेथे कामाला पाठवावे व संध्याकाळी परत आणावे, या गोष्टीचा विचार सरकारने करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

कल्पना परकी नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. गंभीर गुन्ह्यांतील कैदी तेथे भिंतीविना, बायकामुलांसह शेती करून राहिले. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामागे प्रेरणा होती ती याच प्रयोगाची. राजस्थानात सांगानेरचे बंदी तर वर्षानुवर्षे दिवसा बाहेर मजुरी करून सायंकाळच्या हजेरीला परतत आले आहेत.

परंतु खरी अडचण पळून जाणाऱ्या कैद्याची नव्हे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीतील ट्रकवाल्यांवर काय ओढवले ते सर्वांस ठाऊक आहे. पेडण्यात मोपाच्या विमानतळासाठी लोकांच्या जमिनी गेल्या. 'आमच्या पोरांना काम नाही आणि कैद्यांना गाडीत घालून आणता काय?' हा प्रश्न तेथे उठणारच, आणि तो रास्त आहे. भूतदयेच्या प्रवचनांनी तो सुटावयाचा नाही. बंदी स्वस्त मिळतो म्हणून ठेकेदार त्याला घेऊ लागला, तर गावच्या मजुराचा दर पडेल आणि बंद्याची वेठबिगार होईल. सक्तमजुरीच्या कैद्यालाही श्रमाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सांगितले आहे. त्यातील काही भाग गुन्ह्याची झळ सोसलेल्यांना देण्याचा मार्गही त्याच निकालात सुचविला आहे. तेव्हा बाहेरच्या कामाला बाहेरचाच दर, ही अट पहिली.

कच्च्या कैद्यांना, ज्यांचा भरणा देशभरच्या तुरुंगांत सर्वाधिक आहे, ही योजना लागू पडणार नाही. म्हणजे बाहेर जाणारे थोडेच असतील. केंद्राने २०२३ साली राज्यांकडे पाठविलेल्या आदर्श कारागृह कायद्यात खुल्या व अर्धखुल्या कारागृहांची तरतूद आहेच. सरकारने आरंभ लहान तुकडीने करावा. मात्र पहिली गाडी कोलवाळहून सुटण्यापूर्वी ठरलेला दर संबंधित पंचायतींच्या फलकांवर लावावा.