सरासरीहून एक सेंट अधिक

मराठीत 'बंडल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक गठ्ठा, दुसरा थाप. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली वस्तू यांपैकी कोणत्या अर्थाने बंडल आहे, यावर आमच्या विभागात चहाच्या टेबलावर गेले काही दिवस बरीच भवति न भवति झाली. निमित्त एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचे. ग्रंथव्यवहारावर लिहिताना त्याने सुचवले होते की पुस्तकाची किंमत वाचकालाच ठरवू द्यावी. आणि आधारादाखल व्हिडिओ गेमच्या 'हम्बल इंडी बंडल'चे उदाहरण दिले होते. त्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "किंमत लोकांवर सोडली की लोक फुकटेपणाच करतात." दुसरे म्हणाले, "रसिक मुळात उदार असतो. विश्वास टाकून तर पाहा." आम्हांस ही दोन्ही मते अमान्य आहेत. दोन्ही पक्ष खरेदीदाराच्या खिशाबद्दल बोलतात. तो खेळतो की नाही, हे कोणीच विचारत नाही.

आधी घडले काय ते पाहू. मे २०१० मध्ये अमेरिकेतील वुल्फायर गेम्स या छोट्या कंपनीने पाच स्वतंत्र खेळांचा एक संच विक्रीस ठेवला. 'वर्ल्ड ऑफ गू', 'अक्वेरिया', 'गिश', 'लुगारू' आणि 'पेनम्ब्रा : ओव्हर्चर' हे ते खेळ, पुढे 'सामोरोस्ट २' हा सहावा त्यात आला. किंमत ग्राहकाने ठरवायची, अगदी एक सेंटदेखील चालेल. खेळांवर नक्कलप्रतिबंधक कुलूप नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालणार. दिलेल्या रकमेतले किती खेळाच्या कर्त्यांना आणि किती इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन व चाइल्ड्स प्ले या दोन संस्थांना जावेत, हेही ग्राहकानेच पडद्यावरच्या पट्ट्या सरकवून सांगायचे. सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून साडेबारा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. सरासरी पडली नऊ डॉलरच्या थोडी वर. आकडा दहा लाखांपलीकडे गेल्यावर चार खेळांच्या कर्त्यांनी आपला सोर्स कोड खुला करण्याचे जाहीर केले. ग्राहकाच्या विश्वासाला कर्त्यांनी दिलेले हे उत्तर होते. या व्यवहारात काही एक सुंदर होते हे आम्ही नाकारत नाही. आमचे भांडण त्याच्या पुढे काय झाले याच्याशी आहे.

प्रथम फुकटेपणाचा मुद्दा. या पक्षाकडे पुरावा नाही असे नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू'च्या कर्त्यांनी खेळाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त हाच प्रयोग एकट्याच्या बळावर केला होता. ५७ हजारांच्या आसपास विक्री झाली, सरासरी किंमत दोन डॉलरच्या जवळपास आली, आणि सर्वांत मोठा गट होता तो एक सेंट देणाऱ्यांचा. २०१० च्या संचाबाबतही वुल्फायरनेच अंदाज मांडला होता की एक चतुर्थांशाहून अधिक डाउनलोड काहीही न देता झाले असावेत. एक सेंटही ज्याला जड वाटला त्या माणसाबद्दल काय बोलावे! परंतु फुकटे सर्वत्र असतात. कीर्तनाच्या शेवटी आरतीचे तबक फिरू लागले की खांबाआड सरकणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याच्यावरून कीर्तनाची वा श्रोत्यांची परीक्षा कोणी करत नाही. शिवाय त्याच संचात लिनक्स वापरणाऱ्यांनी दिलेली सरासरी किंमत विंडोजवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट होती, याचे उत्तर या पक्षाने द्यावे. लिनक्सवाले काही जन्मतः दानशूर नव्हेत. खेळ बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्यांना खिजगणतीत धरले नव्हते. येथे कोणीतरी त्यांच्यासाठी बनवून आणले होते. आपण कशाचे पैसे देतो आहोत हे त्यांना ठाऊक होते. जेथे असे कारण असते तेथे माणूस देतो, इतकाच त्याचा अर्थ.

आता औदार्याचा मुद्दा. आणि आमचा खरा विरोध येथेच आहे, कारण हा पक्ष ऐकायला गोड आहे. 'किंमत तुम्ही ठरवा' हे वाक्य वरवर पाहता ग्राहकाचा सन्मान करते. वस्तुतः ते त्याला एक अवघड प्रश्न विचारते : ही कृती तुझ्या लेखी किती मोलाची आहे? हा समीक्षेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर कृती अनुभवावी लागते, तिच्याशी झटावे लागते, इतर कृतींशेजारी ती ठेवून पाहावी लागते. 'वर्ल्ड ऑफ गू'च्या कर्त्यांनी त्या प्रयोगानंतर ग्राहकांना विचारले होते की तुम्ही दिलेली रक्कम कशावरून ठरवलीत. ऐपत आणि या पद्धतीला पाठिंबा ही कारणे ठळकपणे पुढे आली. खेळ किती मोलाचा वाटला हे कारण फार थोड्यांनी सांगितले. म्हणजे प्रश्न विचारला गेला एक आणि लोकांनी सोडवला दुसराच. परीक्षेत असे उत्तर आले तर आम्ही शून्य देतो.

बंडलच्या रचनेत तर हा प्रश्न सुटणे शक्यच नव्हते. पैसे आधी, खेळणे नंतर. आणि कृती एक नसून सहा. न वाचलेल्या सहा पुस्तकांना मिळून एक आकडा द्या, असे सांगितल्यावर माणूस काय करील? तो शेजाऱ्याने किती दिले ते पाहील. गणपतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक दारात आले की आपण पेन हातात घेण्याआधी मागची पाने चाळतो, तसेच हे. बंडलवाल्यांनी ही पाने चाळण्याची सोय पडद्यावरच केली होती : चालू सरासरी तेथे सतत दिसत असे, आणि सर्वाधिक देणाऱ्यांची नावे मंडपाबाहेरच्या देणगीदारांच्या फलकासारखी झळकत असत. डिसेंबर २०१० च्या दुसऱ्या संचापासून या सरासरीला आमिषही चिकटले. तिच्याहून अधिक देणाऱ्याला जादा खेळ मिळू लागले. झाले! त्या क्षणी 'हे किती मोलाचे' हा प्रश्न मेला आणि 'सरासरी किती चालू आहे' एवढाच हिशेब उरला. सरासरीहून एक सेंट अधिक देणारा ग्राहक औदार्याच्या थाटात काटकसर करत होता. आणि ज्या सरासरीपुढे तो एक सेंट पडला, ती त्याच्यासारख्यांनीच, कोणतीही कृती न पारखता, बनवलेली होती.

दानाच्या पट्टीबद्दलही एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. धर्मादाय संस्थांना पैसे मिळाले हे चांगलेच झाले, आणि खेळाच्या कर्त्यांची त्यास पूर्वसंमती होती. परंतु सगळी पट्टी दानाकडे सरकवून जो ग्राहक स्वतःस धन्य मानत होता, त्याने नेमके काय दान केले? मोबदला कर्त्याचा, पुण्य ग्राहकाचे. 'वर्ल्ड ऑफ गू' ही नोकरी सोडून आलेल्या दोघा जणांच्या कंपनीची निर्मिती होती. त्यांच्या कष्टातून आपल्या नावाची पावती फाडणे याला आमच्या भाषेत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

यावर आक्षेप येईल की हे सारे कंपनीने केले, बिचाऱ्या ग्राहकाला का धोपटता? कंपनीला आम्ही मोकळे सोडत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये टीएचक्यू या बड्या प्रकाशकाचे खेळ याच नाममुद्रेखाली विकले गेले. तेथे लिनक्स नव्हते, मॅक नव्हते, कुलूप मात्र होते. रक्कम पन्नास लाख डॉलरपलीकडे गेली आणि पुढच्याच महिन्यात टीएचक्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये हम्बल बंडल ही कंपनीच झिफ डेव्हिस समूहातील आयजीएनने विकत घेतली. २०२१ मध्ये त्या सरकत्या पट्ट्या हटवण्याचे घाटले. ओरड झाल्यावर त्या परत आल्या, पण कंपनीचा किमान १५ ते ३० टक्के वाटा राखूनच. हा सर्व ऱ्हास खरा. मात्र त्या ओरडीचा सूर पाहा. पट्टी आपल्या हातातून गेली, याचा राग सर्वत्र होता. दहा वर्षांत घेतलेल्या शेकडो खेळांपैकी आपण किती खेळलो, हा प्रश्न त्या कोलाहलात आमच्या तरी कानी आला नाही. ग्राहकाने आपला हक्क सांभाळला. ज्या कृतींमुळे तो हक्क मिळाला त्या मात्र गठ्ठ्यातच बांधलेल्या राहिल्या.

याची परिसीमा जून २०२० मध्ये दिसली. वांशिक न्यायासाठी इच.आयओ या संकेतस्थळावर निघालेल्या संचात किमान पाच डॉलरला १,७४१ कृती होत्या. आठ लाखांहून अधिक लोकांनी मिळून ८१ लाख डॉलर दिले. देणगी म्हणून हा उपक्रम थोर होता आणि तो देणगी म्हणूनच मांडला गेला होता. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु कलाव्यवहार म्हणून त्याकडे क्षणभर पाहा. प्रत्येक कृतीला केवळ एक तास द्यायचा म्हटले, तरी रोज आठ तास खेळून सात महिन्यांहून अधिक काळ लागेल. इतके कोणी खेळत नाही, इतके फक्त साठवले जाते. कोठीघर भरले याला रसिकता म्हणता येत नाही.

आम्ही हे उंचावर बसून लिहीत नाही. आमच्यापैकी एकाने तो डिसेंबर २०१० चा संच विकत घेतला होता. तेव्हा तो तासिका तत्त्वावर शिकवत होता, मानधन तीन महिने थकलेले होते, आणि क्रेडिट कार्ड मामांचे होते. त्याने आठेक डॉलर दिले. कारण तेवढ्यात सरासरी ओलांडली जात होती आणि पहिल्या संचातले खेळही पदरात पडत होते. त्या अकरा खेळांपैकी शेवटपर्यंत खेळला तो एकच : चेक प्रजासत्ताकातील अमानिता डिझाइनचा 'मशिनारियम'. भंगाराच्या ढिगावर फेकलेला एक यंत्रमानव स्वतःचे अवयव जुळवत उठतो आणि एकही शब्द न बोलता नगराकडे निघतो. हाताने रेखाटलेली ती गंजकी नगरी त्याला अजून आठवते. उरलेल्या दहांपैकी काहींची तर फाइलही उघडली गेली नाही. आपल्या तासाचे मोल कोणी करत नाही म्हणून जो रोज चडफडत होता, त्याने दुसऱ्यांच्या वर्षांचे मोल सरासरी पाहून ठरवले. हे वाक्य त्याने स्वतः येथे घालावयास सांगितले आहे.

आमच्या विषयाशी याचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी एवढेच. ऑक्टोबर २०१२ मध्ये याच पद्धतीने ई-पुस्तकांचाही संच निघाला होता, आणि तोही बारा लाख डॉलरच्या आसपास गेला. आपल्याकडे किलोवर पुस्तके विकणारी प्रदर्शने लागतात. पेनड्राइव्हवरून पीडीएफचे फोल्डर हातोहात फिरतात. परवाच एका विद्यार्थिनीने अभिमानाने सांगितले की तिच्याकडे चारशे मराठी कादंबऱ्या आहेत. किती वाचल्यास, हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. कारण तिने उलट तोच प्रश्न विचारला असता. मराठी पुस्तिकांवर पूर्वी किमतीच्या जागी 'स्वागतमूल्य' असा शब्द छापलेला असे. आम्हांस तो नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. स्वागत म्हणजे आलेल्याला घरात घेणे, बसवणे, त्याची विचारपूस करणे. नाणे उंबऱ्यावर ठेवून दार लावून घेणे म्हणजे स्वागत नव्हे.

तेव्हा किंमत रसिकाने ठरवावी, या विद्यार्थ्याच्या सूचनेला आमचा विरोध नाही. आमची अट क्रमाविषयी आहे. आधी कृती, मग आकडा. आणि आकडा एका कृतीला, गठ्ठ्याला नव्हे. हे अव्यवहार्य नाही. इच.आयओवर अनेक कर्ते आपला एकेक खेळ स्वतंत्रपणे, ऐच्छिक मूल्याला ठेवतात. संकेतस्थळाचा वाटा किती असावा हेही २०१५ पासून तेथे कर्ताच ठरवतो. मनावर घेतले तर तेथे एक खेळ घ्यावा, संपवावा, मग परत जाऊन त्याच्या कर्त्याला जे योग्य वाटेल ते द्यावे, आणि त्या खेळाबद्दल कोठेतरी चार परिच्छेद लिहावेत. प्रतिकूल असले तरी चालतील. आपली कृती कोणी शेवटपर्यंत पाहिली आणि तिच्यात काय फसले ते नेमके सांगितले, याचे समाधान कर्त्याला नऊ डॉलरच्या सरासरीतून मिळत नाही.

विद्यार्थ्याचा प्रकल्प आम्ही परत पाठवला आहे. शेरा एकच आहे : उदाहरणातील सहा खेळांपैकी कोणताही एक खेळून, त्यावर दोन पाने लिहून पुन्हा सादर करावा. त्याने विचारले, "सर, तुम्ही खेळलात का?" आम्ही मुदत मागून घेतली आहे.