खेळणाऱ्या लेकीचं ताट

मैत्रिणींनो, नागपूरच्या मालविका बनसोडनं जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत साईना नेहवालला हरवलं, ते आठवतं ना? मालविकाची आई दंतवैद्य. पण लेकीच्या खेळासाठी त्यांनी क्रीडाशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

एवढं सगळ्यांनाच जमणार नाही. पण खेळणाऱ्या लेकीच्या पाळीकडे लक्ष ठेवणं तर जमेल! 'सराव वाढला की पाळी चुकायचीच' असं म्हणून सोडून देऊ नका. मेहनतीच्या मानानं अन्न अपुरं पडलं की पाळी थांबू शकते, हाडं कमकुवत होतात, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. मुलगी अंगानं बारीक दिसली नाही, तरीही हे घडतं. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच याबद्दल सावध केलं आहे.

तेव्हा सरावाआधी केळं किंवा गूळ-पोळी, परतल्यावर दूध, उसळ, भाकरी असं पोटभर द्या. पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि 'मुलीच्या जातीला एवढं खाणं?' असं घरात कुणी म्हणालंच, तर तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढा!