ढोलीचे घरमालक

मराठीत आपण त्याला 'सुतार पक्षी' म्हणतो, कन्नडात तो 'मरकुटिग'. मर म्हणजे झाड आणि कुट्टु म्हणजे आपले कुटणेच! दोन्ही भाषा नांदणाऱ्या आपल्या घरांत हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सुतारांपैकी एकाच्या शास्त्रीय नावात तर चक्क 'मराठा' आहे. पिवळ्या माथ्याच्या या छोट्या पक्ष्याला लॅथमने १८०१ मध्ये 'महारट्टेन्सिस' असे नाव दिले. मात्र तो कोरड्या, विरळ झाडीचा. जोयड्याच्या दाट रानात मान आहे तो मोठ्या काळ्या सुताराला. पांढरे पोट, लाल तुरा आणि लांबी जवळजवळ दीड फूट!

वाचकहो, सुतार हा रानाचा घरबांधणीवाला. तो बहुधा दर विणीला नवी ढोली कोरतो. मागे राहिलेल्या जुन्या ढोलीत पिंगळे, मैना, पोपट, उडत्या खारी बिऱ्हाड मांडतात. धनेशाला, म्हणजे आपल्या मंगट्टेला, चोच एवढी मोठी असूनही अशी ढोली कोरता येत नाही. त्याला आयतीच लागते. कुजत गेलेली जुनी ढोली कालांतराने त्याच्याही उपयोगी पडू शकते. दांडेलीला २०११ मध्ये धनेशासाठी राखीव क्षेत्र झाले. पण झाडात पोकळीच नसेल तर पाहुणा उतरणार कुठे?

पक्षी कमी होत आहेत का? सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये देशभराचा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या साठ टक्के घटल्या. एकाच प्रकारच्या अधिवासावर विसंबणाऱ्यांना फटका अधिक.

परदेशातले उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात गिला नावाचा सुतार उंच निवडुंगाच्या खोडात घर कोरतो आणि नंतर त्यात इवलीशी घुबडे राहतात. कॅलिफोर्नियात कोलोराडो नदीकाठची झाडी तुटली, तशी तिथली त्याची संख्या घसरली. १९८८ मध्ये त्या राज्याने त्याला संकटग्रस्त ठरवले. वाळवंट तेच होते, फक्त घरे गेली.

आमच्या परसात एक वठलेला किंदळ आहे. 'मेलेले झाड कशाला ठेवायचे? वर्षाचे सरपण होईल,' असे धाकट्या दिरांचे म्हणणे. सासूबाईंना गोठ्यावर पडण्याची भीती. दोघांचेही खोटे नव्हते. शेवटी गोठ्याकडच्या फांद्या उतरवल्या, वरचा शेंडा काढला आणि पुरुषभर उंचीच्या दुप्पट खोड उभे ठेवले. फांद्यांचे सरपण झाले. पावसाळ्यानंतर खोडावर टकटक सुरू झाली. अजून ढोली नाही, नुसता किड्यांचा शोध चालू आहे. तेही चालेल.

आपल्या सुपारीच्या बागेच्या कडेला, शेताच्या बांधावर असे एखादे झाड असेल, तर ते घरावर, वाटेवर किंवा विजेच्या तारेवर पडणार नाही ना, एवढे आधी बघा. धोका नसेल तर राहू द्या. मुलांना मात्र ढोलीत हात घालू देऊ नका. दुरून मोजायला सांगा, किती जण येतात-जातात ते. मराठीत मोजा की कन्नडात, आकडा सारखाच येईल.