पाटीवरील नाव

परतवाडा-धारणी मार्गावरील सेमाडोह येथे मेळघाट पाहावयास येणारी मंडळी थांबतात. तेथे चहाफराळाचा जोडधंदा करावा असे पुष्कळांच्या मनात येते. परंतु आपल्या हातचा चहा लोक घेतील काय, या शंकेने पाऊल अडते. शंका निराधार नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळताच गिऱ्हाइके तुटली.

तेव्हा मजुरी एकदम सोडू नका. प्रथम सुटीच्या दिवशीच शेगडी पेटवा. रोजचा हिशेब लिहा. नफ्यातूनच दुसरे पातेले घ्या. सावकाराच्या पैशाने थाटलेले दुकान गिऱ्हाईक आटले की व्याजातच बुडते. पाटीवर मात्र आपले नाव पहिल्या दिवसापासून ठळक असू द्या.